ब्रॉन्किओलायटिसच्या बाळासाठी साधा ऑक्सिजन, हाय फ्लो की सीपॅप?

ब्रॉन्किओलायटिसची, म्हणजे विषाणूंमुळे तान्ह्या बाळांच्या फुप्फुसातील बारीक श्वासनलिका सुजण्याच्या आजाराची, साथ ऐन भरात आली की बालरोग विभागप्रमुखासमोर उभा राहणारा प्रश्न औषधांचा क्वचितच असतो. नेब्युलायझरमधून दिलेली श्वासनलिका रुंदावणारी औषधे आणि स्टेरॉइड यांचा या आजारात नेहमीच्या उपचार म्हणून उपयोग नाही, हे आता वादातीत आहे. प्रश्न असतो तो श्वासाला आधार कोणत्या साधनाने द्यायचा आणि ते साधन वॉर्डात ठेवायचे की अतिदक्षता विभागात, हा; कारण खाटांची टंचाई बरीचशी याच निर्णयातून वाढते किंवा आटोक्यात राहते.

बारीक नळीतून दिलेला साधा ऑक्सिजन स्वस्त आहे, कोणत्याही वॉर्डात देता येतो आणि त्यासाठी वेगळे प्रशिक्षण लागत नाही. मात्र तो फक्त ऑक्सिजनची कमतरता भरून काढतो, श्वास घेण्याचे श्रम फारसे कमी करत नाही. हाय फ्लोमध्ये गरम आणि दमट केलेली हवा बाळाच्या वजनाच्या दर किलोमागे मिनिटाला साधारण 2 लिटर या वेगाने नाकातून सोडली जाते. त्यामुळे घशाच्या वरच्या पोकळीत साचलेला कार्बन डायऑक्साइड धुऊन निघतो आणि थोडा दाबही तयार होतो. बाळाची धाप डोळ्यांदेखत कमी होताना दिसत असल्याने परिचारिका आणि पालक या दोघांनाही हे साधन लवकर लावावेसे वाटते, आणि हे स्वाभाविक आहे.

पण आकडे पाहताना सावध राहावे लागते. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधील 1472 तान्ह्या बाळांवरील, 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हाय फ्लोने सुरुवात केलेल्या गटात 12 टक्के बाळांचे उपचार वाढवावे लागले, तर साध्या ऑक्सिजनच्या गटात 23 टक्के बाळांचे. एवढेच वाचले तर निर्णय झालाच असे वाटते. मात्र रुग्णालयातील मुक्काम आणि ऑक्सिजनचा कालावधी यांत फरक पडला नाही, आणि अतिदक्षता विभागात जाणाऱ्यांचे प्रमाण हाय फ्लो गटात 12 तर दुसऱ्या गटात 9 टक्के होते, म्हणजे तेही कमी झाले नाही. साध्या ऑक्सिजनवर ज्यांचे भागले नाही त्यांपैकी 61 टक्के बाळे नंतर लावलेल्या हाय फ्लोवर सावरली. आणि साध्या ऑक्सिजनवर न भागलेली बाळे मुळात 23 टक्केच, म्हणजे शंभरातील सुमारे 77 बाळांना ते यंत्र लागलेच नसते. म्हणून सरसकट हाय फ्लोने सुरुवात करण्यापेक्षा ते राखीव ठेवणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

हाय फ्लो केवळ अतिदक्षता विभागातच लावायचे असा नियम असलेल्या रुग्णालयात तर लवकर हाय फ्लो लावणे म्हणजे खाट अडवणेच होय. अमेरिकेत 2010 ते 2019 या काळात दाखल बाळांपैकी अतिदक्षता विभागात जाणाऱ्यांचे प्रमाण सुमारे दुप्पट झाले, आणि तरीही व्हेंटिलेटरची गरज घटली नाही. वॉर्डात हाय फ्लो देता येईल, पण त्यासाठी दर पाळीला पुरेशा परिचारिका, रक्तातील ऑक्सिजनच्या प्रमाणाची (सॅच्युरेशन) सलग मोजणी आणि पहिल्या एक-दोन तासांत नाडी व श्वासाची गती न उतरल्यास वरिष्ठांना बोलावण्याचा लेखी नियम हवा. तो नसेल तर हे धाडस करू नये.

सीपॅपची, म्हणजे नाकातून सतत दाबाखाली हवा देऊन श्वासमार्ग उघडा ठेवणाऱ्या साधनाची, पायरी यापुढची. फ्रान्समधील, सहा महिन्यांखालील 142 बाळांच्या 2017 च्या चाचणीत सीपॅपवर 31 टक्के तर हाय फ्लोवर सुमारे 51 टक्के बाळांचे पहिले साधन अपुरे पडले, मात्र व्हेंटिलेटरसाठी श्वासनलिकेत नळी घालण्याचे प्रमाण दोन्हीकडे सारखेच राहिले. सीपॅप काढावे लागले ते प्रामुख्याने बाळाला ते सोसले नाही म्हणून, तर हाय फ्लो कमी पडले ते धाप वाढल्यामुळे. ब्रिटनमधील 2022 च्या, विविध कारणांनी आजारी असलेल्या मुलांवरील चाचणीत हाय फ्लो सीपॅपच्या तोडीचे ठरले आणि त्या गटात गुंगीची औषधेही कमी लागली. त्यामुळे छाती खोल आत ओढणाऱ्या, थकलेल्या किंवा मध्येच श्वास थांबणाऱ्या बाळासाठी सीपॅप आणि अतिदक्षता विभाग, तर त्याखालच्या तीव्रतेसाठी हाय फ्लो, अशी विभागणी मला योग्य वाटते.

अकाली जन्मलेली, तीन महिन्यांहून लहान आणि जन्मजात हृदयदोष असलेली बाळे मात्र या हिशेबातून वगळावीत. आजार साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सर्वाधिक बळावतो, म्हणून दुसऱ्या दिवशी बरे दिसणाऱ्या अशा बाळालाही खालच्या पायरीवर ठेवताना अतिदक्षता विभागातील एक खाट डोळ्यांसमोर असावी.