सायकलची चेन घरी सोडवायची तर: चेन लॉक, जुनीच पिन, जोडपिन की क्विक लिंक?

चेन तोडण्यात काही कौशल्य नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कुठल्याही वर्कशॉपात ऐरणीवर ठेवून पंचावर दोन ठोके दिले की पिन बाहेर येते. घोळ सगळा परत जोडताना होतो. पिन तिरकी बसते, एखादी कडी ताठ राहते, नाहीतर चार दिवसांनी चढावर चेन नेमकी जोडलेल्या जागीच सुटते. म्हणून काढायची कशी याच्या आधी जोडणार कशाने हे ठरवा. ते ठरतं मागच्या चाकावर किती गिअर आहेत यावर.

पिच बहुतेक सगळ्या चेनचा एकच: पिनेपासून पिनेपर्यंत अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिमी. फरक रुंदीत असतो. एका गिअरच्या साध्या सायकलीच्या चेनमध्ये आतली जागा १/८ इंच, गिअरवालीत ३/३२ इंच किंवा त्याहून जरा कमी. पिनेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजलं तर ६ ते ८ गिअरची चेन साधारण ७ मिमी भरते, ९ची ६.६, १०ची ६ला थोडी कमी, ११ची ५.५च्या आसपास. गिअर वाढतात तशी चेन बारीक होते आणि कडीच्या बाजूच्या पट्टीबाहेर डोकावणारं पिनेचं टोकही कमी होतं. जोडायच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत त्या यामुळे.

आधी बघा, काढायलाच हवी का

चेन ढिली पडून सारखी उतरते एवढंच दुखणं असेल, तर तिला हात लावू नका. साध्या सायकलीत मागच्या चाकाचे दोन्ही नट सैल करा, चाक मागे ओढा, रिम दोन्ही दांड्यांच्या बरोबर मधोमध आहे ना ते बघा आणि नट आवळा. चेनव्हील (पेडलजवळची दातेरी चकती) आणि फ्रीव्हील (मागच्या चाकाची) यांच्या मध्यावर बोटाने दाबल्यावर चेन वर-खाली मिळून १० ते १५ मिमी हलायला हवी. पेडल पूर्ण फिरवून जिथे ती सगळ्यात ताणलेली असते तिथे हे मोजा. चेनव्हील थोडं तरी वाकडं फिरतंच. चाक मागे सरकायला जागाच उरली नसेल, तर कड्या कमी करायच्या. आतल्या आणि बाहेरच्या कड्या आलटून-पालटून येतात, म्हणून त्याही एक आतली आणि एक बाहेरची अशा जोडीने, म्हणजे एका वेळी एक इंच.

मात्र जागा संपली असेल, तर बहुतेक वेळा चेनच झिजलेली असते. पोलादी मोजपट्टीने २४ कड्या मोजा. नवीन चेनमध्ये त्या बरोबर १२ इंच भरतात. १२ इंच आणि वर १/८ झालं, म्हणजे साधारण एक टक्का वाढली, की साधी चेनसुद्धा बदला. ११-१२ गिअरवाल्यांनी १/१६ इंचालाच थांबावं; ८ ते १० गिअरची चेन या दोन्हींच्या मधे. झिजलेली चेन आखूड करून तिचा पिच काही जाग्यावर येत नाही, उलट फ्रीव्हीलचे दात खाऊन टाकते.

धुण्यासाठी काढायची की नाही, हे हंगामावर आहे. पावसाळ्यात रंकाळ्याला फेऱ्या मारणाऱ्याला आठवड्याला सुकं फडकं आणि प्रत्येक रोलरवर एक थेंब तेल पुरतं. उसाचा गळीत हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टरची चाकं शेतातला काळा चिकट चिखल रस्त्यावर आणतात. तो वाळून रोलरच्या आत बसतो, वरून पुसून निघत नाही. तेव्हा चेन काढून बाटलीत डिझेल घालून खळखळवणं बरं. पेट्रोल नको, त्याच्या वाफा चटकन पेटतात. गाडीचं काढलेलं काळं ऑइलही वंगण म्हणून नको, त्यात धातूची कीस असते.

चेन लॉक: साध्या सायकलीचं काम

हिरो, अ‍ॅटलास, अ‍ॅव्हॉन अशा साध्या सायकलींना बहुधा हेच असतं. तीन तुकडे: दोन पिना बसवलेली पट्टी, सुटी पट्टी आणि माशासारखी चपटी स्प्रिंग क्लिप. बंद चेन कव्हर असेल तर मागचा तुकडा दोन-तीन स्क्रू काढून उतरवा, पेडल उलटं फिरवत लॉक तिथे आणा. नाकाडी पक्कड घेऊन एक जबडा पिनेवर आणि दुसरा क्लिपच्या फाटलेल्या टोकावर धरा, दाबा. क्लिप खाचेतून सरकते. पेचकसाने उचकटायला गेलात तर ती उडते, आणि अंगणात पडली की सापडत नाही. वर फडकं धरून काढा.

बसवताना दोन्ही टोकं मागच्या फ्रीव्हीलच्या दातांवर शेजारी-शेजारी ठेवा. दातच चेन धरून ठेवतात, तिसरा हात लागत नाही. पट्टी आतून घाला, सुटी पट्टी बाहेरून, मग क्लिप. क्लिपचं बंद, गोल टोक चेन जिकडे धावते तिकडे हवं. वरच्या बाजूला धावणाऱ्या चेनमध्ये ते पुढच्या चाकाकडे बघतं. उलटं बसवलं आणि क्लिप कव्हरला किंवा काडीकचऱ्याला घासली, तर प्रत्येक धक्का तिला उघडण्याच्या दिशेने ढकलतो. शेवटी क्लिप दोन्ही पिनांच्या खाचेत पूर्ण शिरली का ते नखाने चाचपा.

फायदा उघड आहे: पक्कड सोडून काही लागत नाही, पुन्हा पुन्हा उघडता येतं, आणि नवीन लॉक चहा-वड्याच्या पैशात येतं. क्लिप ढिली वाटली तर अख्खं लॉकच बदला, पक्कडीने चेपून घट्ट करू नका. मर्यादाही पक्की. क्लिप बाहेर येते, त्यामुळे मागे गिअर असलेल्या सायकलीला हे चालत नाही. शेजारच्या चकतीला घासून निघतं.

तीच पिन परत: हातोडा की चेन कटर

लॉक नसलेली साधी चेन किंवा ६ ते ८ गिअरची चेन असेल, तर पिन ढकलून तीच परत बसवता येते. यात एकच गोष्ट जपायची: पिन पूर्ण बाहेर काढायची नाही. पलीकडच्या बाहेरच्या पट्टीत ती अर्धा ते एक मिमी अडकून राहिली पाहिजे. पूर्ण निघालेली पिन हाताने भोकात सरळ बसवणं जवळजवळ अशक्य. बसली तरी तिरकी.

चेन कटर म्हणजे मूठ फिरवली की सुईने पिन ढकलणारं हत्यार. त्यात चेन मागच्या भक्कम आधाराच्या खाचेत ठेवतात, पुढच्या खाचेत नाही. सुईचं टोक पिनेच्या बरोबर मध्यावर टेकवा, मूठ सावकाश फिरवा. सुरुवातीला जोर लागतो, मग एकदम हलकं होतं. पाव-पाव फेरीने तपासत जा. जोडताना उलट बाजूने ढकला आणि दोन्हीकडे टोक शेजारच्या पिनांएवढंच बाहेर आहे ना ते बघा. ती कडी ताठ लागेल. दोन्ही हातांनी चेन आडवी, म्हणजे ती एरवी वाकत नाही त्या दिशेला, हलकेच वाकवा, मोकळी होते.

हातोडा-पंचनेही हे होतं, पण फक्त जाड साध्या चेनमध्ये. पिनेपेक्षा जरा बारीक पंच, खाली पिन शिरेल एवढं भोक असलेला नट, आणि बेताचे ठोके. पिन कुठे थांबली हे ठोकताना कळत नाही, हीच त्यातली खरी अडचण. पट्टी वाकली तर ती जोडी फेकून द्या. साधा कटर दोन-चारशे रुपयांत मिळतो; गिअरची चेन एकदा हातोड्याने बिघडवली तर तेवढे पैसे सहज जातात.

९ गिअरपासून पुढे जुनी पिन परत वापरायची नाही. कारखान्यात या पिनांची टोकं दाबून फुलवलेली असतात. बाहेर ढकलताना ते फुललेलं टोक पट्टीचं भोक मोठं करत निघतं. परत बसवलेली पिन दिसते नीट, पण धरते कमी.

जोडपिन आणि क्विक लिंक

शिमानोच्या बऱ्याच चेनबरोबर एक लांब जोडपिन येते, पुढचा अर्धा भाग निमुळता. निमुळतं टोक भोकात घालून कटरने ढकलायचं, मुख्य पिन जागेवर बसली की बाहेर राहिलेला भाग पक्कडीने मोडायचा. नीट बसवलेला हा जोड पक्का असतो. पण प्रत्येक वेळी नवी पिन, तीही तेवढ्याच गिअरची, आणि पुढच्या वेळी चेन त्याच जागी तोडायची नाही. दर महिन्याला चेन काढून धुणाऱ्याला हे परवडत नाही.

क्विक लिंक म्हणजे दोन सारखे अर्धे तुकडे. दोन्ही बाजूंनी एकेक पिन घालायची, चेन ओढली की पिना खाचेत सरकून अडकतात. हाताने पूर्ण बसत नाही. जोड वरच्या बाजूला आणा, मागचा ब्रेक दाबा, पेडलवर पायाने झटका द्या. ‘टक’ आवाज येतो. काही लिंकवर दिशेचा बाण असतो, तो पाळा. उघडायला खास पक्कड मिळते. नसेल तर बुटाची नाडी किंवा जुनी गिअरची केबल लिंकच्या दोन्ही टोकांच्या रोलरमागून घालून, फुली करून ओढा.

घेताना दोन गोष्टी बघा. लिंक चेनच्या गिअरएवढीच हवी. ९च्या चेनला १०ची बसवायला गेलात तर ती बसणार नाही. आणि परत वापरायची की एकदाच, हे पाकिटावर वाचा. ६ ते ९ गिअरच्या बहुतेक लिंक परत उघडता येतात. १० ते १२ गिअरमध्ये स्रॅमची आणि शिमानोची लिंक एकदाच वापरायची असते, केएमसी दोन्ही प्रकार विकते. ‘माझी तर पाचव्यांदा बसवली, काही होत नाही’ असं सांगणारे भेटतील. ते सपाटीवर सायकल चालवत असावेत.

मग घ्यायचं काय

साधी सायकल, बाजारहाट आणि शाळा-कॉलेज: चेन लॉक, दुसरा विचार नको. लॉकच नसलेली चेन असेल तर एकदा कटरने एक बाहेरची कडी काढा आणि तिच्या जागी लॉक घाला, पुढचा त्रास संपला.

६ ते ९ गिअरची सायकल असेल आणि ती महिन्यातून एकदा तरी धुणार असाल, तर क्विक लिंक. जोडपिनेपेक्षा ती जास्त मजबूत म्हणून नव्हे, तर उघडताना काहीच मोडत नाही म्हणून. वर्षातून एकदाच चेन बदलणाऱ्याने जोडपिन वापरली तरी बिघडत नाही, आणि दुकानातून करून घेतली तरी. १० किंवा जास्त गिअर असतील तर चेन दर वेळी काढूच नका, सायकलवरच साफ करा. झिजली की नवी चेन आणि तिच्याबरोबरची नवी लिंक. नवी चेन मापताना तिला मागच्या गिअरच्या यंत्रणेतून न नेता पुढच्या सगळ्यात मोठ्या आणि मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीवरून गुंडाळा, टोकं जिथे जुळतील तिथून दोन कड्या जास्त ठेवा.

कुठलाही प्रकार असो, सोडवण्याआधी मागच्या गिअरपाशी मोबाइलवर फोटो काढा. तिथल्या दोन लहान चाकांच्या मधे एक पत्र्याची जीभ असते. चेन तिच्या चुकीच्या बाजूने गेली तर सगळं जोडून झाल्यावर कर्र आवाज येतो आणि पुन्हा तोडावी लागते.

पन्हाळ्याला किंवा जोतिबाला जाणार असाल तर पिशवीत छोटा कटर आणि एक जादा क्विक लिंक ठेवा. चढावर पेडलवर भार देऊन गिअर बदलला की बाहेरची पट्टी पिनेवरून निसटते, चेन तुटते ती अशी. वाकलेली कडी कटरने काढून टाका, दोन्ही टोकांना आतलीच कडी राहू द्या आणि लिंक बसवा. वाकलेल्या कडीबरोबर शेजारचीही काढावी लागली तर चेन तेवढी आखूड होते. अशा वेळी घरी येईपर्यंत पुढची मोठी आणि मागची मोठी चकती एकदम लावू नका.