सीआरआरटी, स्लेड की नेहमीचं एचडी: आयसीयूतल्या पेशंटला काय लावायचं?

नेफ्रोलॉजीचं ट्रेनिंग संपवून आयसीयूचे कॉल घ्यायला लागलं की हा प्रश्न सुटत नाही. पेशंट सेप्टिक शॉकमध्ये, नॉरअॅड्रेनलिन (बीपी टिकवणारं औषध) चालू, यूरिन जवळजवळ बंद, आणि इंटेन्सिव्हिस्ट विचारतात की डायलिसिस लावायचंय ना, मग कुठलं? ज्यांना हे ठरवायचंय त्यांच्यासाठी तिन्ही पर्याय शेजारी ठेवून लिहितोय: एचडी म्हणजे नेहमीचं साधारण 4 तासांचं हेमोडायलिसिस, स्लेड म्हणजे तेच पण हळू आणि जास्त तास, आणि सीआरआरटी म्हणजे 24 तास सतत, सावकाश चालणारं डायलिसिस.

आधी मृत्युदराचा मुद्दा संपवून टाकू. 2006 ची हेमोडायफ ट्रायल, 360 पेशंट, एकीकडे एचडी आणि दुसरीकडे सतत चालणारं हेमोडायफिल्ट्रेशन (सीआरआरटीचा एक प्रकार), 60 दिवसांनी जिवंत असलेले 32 टक्के आणि 33 टक्के. 2012 मध्ये स्लेड आणि सीव्हीव्हीएच (हाही सीआरआरटीचाच प्रकार) अशी 232 पेशंटची एका सेंटरची ट्रायल झाली, तिथेही फरक नाही, उलट स्लेडमध्ये नर्सचा वेळ आणि खर्च कमी लागला. नंतर मोठ्या टायमिंग ट्रायल्सचा (डायलिसिस कधी सुरू करायचं हे बघणाऱ्या) डेटा परत चाळून काहींना सीआरआरटी बरं दिसलं तर काहींना दिसलं नाही. त्यामुळे 'सीआरआरटी लावलं तरच वाचेल' असं नातेवाइकांना कृपया सांगू नका, ते खरं नाही आणि परवडत नसलेल्या घराला ते आयुष्यभर टोचत राहतं.

मग ठरवायचं कशावरून? माझ्या मते एकाच गोष्टीवरून, काय काढायचंय आणि ते किती वेगाने काढलेलं या पेशंटला झेपेल.

70 किलोच्या पेशंटला सीआरआरटीचा 25 मिली/किलो/तास डोस दिला तर तासाला 1750 मिली, म्हणजे मिनिटाला साधारण 29 मिली क्लिअरन्स (म्हणजे तेवढं रक्त साफ) झाला. एचडीत यूरियाचा क्लिअरन्स मिनिटाला 150 ते 200 सहज मिळतो. स्लेड मध्ये बसतं, 6 ते 12 तास, मिनिटाला ब्लड फ्लो 150-200 मिली, डायलिसेट (फिल्टरमध्ये रक्ताच्या पलीकडून वाहणारं द्रावण) 100 ते 300 मिली. त्यामुळे पोटॅशियम 7.5 आणि ईसीजी बदललेला असेल, किंवा मिथेनॉल, लिथियम, सॅलिसिलेटची विषबाधा असेल, तर एचडीच लावा, पेशंट व्हॅसोप्रेसरवर (नॉरअॅड्रेनलिनसारख्या औषधावर) असला तरी, कारण तिथे उशीरच घातक असतो. पोटॅशियम मात्र पेशींतून परत बाहेर येतं म्हणून काही तासांनी पुन्हा तपासायचं, गरज पडली तर मागून सीआरआरटी जोडायचं.

याच वेगाचा मेंदूला त्रास होतो. यूरिया रक्तातून भराभर उतरला की पाणी मेंदूच्या पेशींत शिरतं, म्हणून हेड इंज्युरी, मोठा स्ट्रोक, लिव्हर फेल्युअरमधली सूज, म्हणजे जिथे इंट्राक्रेनियल प्रेशर वाढलंय किंवा वाढू शकतं, तिथे सीआरआरटी, आणि यावर मी तडजोड करत नाही. केडिगो या आंतरराष्ट्रीय किडनी संस्थेची 2012 ची गाइडलाइनही हेच सुचवते. दुसरी जागा म्हणजे सोडियम 110-112 असलेला पेशंट. 24 तासांत ते 8 पेक्षा जास्त वाढवायचं नसतं, आणि एचडी मशीनचं सोडियम सहसा 130 च्या खाली जात नाही, मग 4 तासांत किती चढेल याचा विचार करा. सीआरआरटीच्या फ्लुइडमध्ये स्टराइल वॉटर घालून सोडियम पाहिजे तेवढं खाली आणता येतं.

आता बीपी. तुम्हाला दिवसात 3 लिटर काढायचेत, एचडीत 4 तासांत म्हणजे तासाला 750, 8 तासांच्या स्लेडमध्ये 375, सीआरआरटीत 125. ऑब्झर्वेशनल अभ्यासांत तासाला 1.75 मिली/किलोच्या वर नेट यूएफ (अल्ट्राफिल्ट्रेशन, म्हणजे निव्वळ काढलेलं पाणी) गेलं की मृत्यू जास्त दिसलेत, 70 किलोला ती मर्यादा होते साधारण 122 मिली. हा आकडा सीआरआरटीवरच्या पेशंटचा आहे, स्लेडला जसाच्या तसा लावता येत नाही, पण दिशा कळते. आणि हे नीट समजून घ्या की बीपी फक्त पाणी काढल्याने पडत नाही, आधीच व्हॅसोप्लेजिया (रक्तवाहिन्या सैल पडणं) असतो, उजवं हार्ट थकलेलं असतं, व्हेंटिलेटरचं पीप (श्वास सोडल्यावरही फुप्फुसात ठेवलेलं प्रेशर) जास्त असतं. आपल्याला किडनीचं सगळं येतं पण बेडसाइड इको, कॅपिलरी रिफिल, लॅक्टेट, पॅसिव्ह लेग रेज (पाय उचलून रक्ताभिसरण सुधारतं का ते बघणं) यांच्याकडे आपण नेफ्रोलॉजिस्ट कमी बघतो, आणि आयसीयूत तेच शिकायला लागतं. तासाचं यूएफ ठरवण्याआधी मी हे बघतोच.

एचडीसुद्धा बरंच सहन करवून घेता येतं, लाइन्स सलाइनने भरून दोन्ही बाजू एकदम जोडायच्या, डायलिसेट सोडियम 145 च्या वर (वर सांगितलेला लो सोडियमवाला पेशंट सोडून), तापमान 35 च्या आसपास, सेशन निदान 4 तास. एवढं केलं की नॉरअॅडच्या कमी डोसवरचे बरेच पेशंट निभावतात. पण डोस वाढतच चाललाय आणि पाणीही काढायचंय, तर सीआरआरटी, ते नसेल तर 8-10 तासांचं स्लेड.

अँटिकोॲग्युलेशनमध्ये स्लेडचा मोठा फायदा, हेपरिनशिवायही बऱ्याचदा सेशन पूर्ण होतं. सीआरआरटीत फिल्टर क्लॉट झाला की थेरपी थांबते, म्हणून सायट्रेट (कॅल्शियम बांधून फिल्टरमध्ये रक्त गोठू न देणारं औषध) शिकून घ्याच. 2020 च्या रिच ट्रायलमध्ये फिल्टर सायट्रेटवर 47 तास चालला, हेपरिनवर 26, ब्लीडिंगही कमी, फक्त इन्फेक्शन जास्त दिसली. पोस्ट-फिल्टर आयोनाइज्ड कॅल्शियम 0.25 ते 0.35 ठेवायचं, आणि पेशंटच्या टोटल-आयोनाइज्ड कॅल्शियमचा रेशो 2.5 च्या वर गेला, सोबत ॲसिडोसिस वाढतोय, तर सायट्रेट साचतंय असं समजून कमी करा किंवा बंद करा. लिव्हर बसलेलं आणि लॅक्टेट चढत चाललेलं असेल तर मी सुरूच करत नाही. आणि कॅल्शियमचे रिपोर्ट रात्री तीन वाजता मिळत नसतील किंवा ते बघून पंप बदलणारी ट्रेन्ड नर्स नसेल, तर चांगल्या हातातलं स्लेड अर्धवट चाललेल्या सीआरआरटीपेक्षा कितीतरी सुरक्षित.

डोसवर फार डोकं घालू नका, एटीएन (2008) आणि रेनल (2009) या दोन्ही ट्रायल्समध्ये जास्त डोसने काही मिळालं नाही, 20-25 मिली/किलो/तास मिळावं म्हणून 25-30 लिहायचं कारण मधे मशीन थांबतंच. खरं लक्ष अँटिबायोटिककडे द्या. सीआरआरटीवर मेरोपेनेम, पिपरासिलिन सतत निघून जातात आणि आपण किडनी फेल म्हणून डोस कमी करून बसतो, सेप्सिसमध्ये ही चूक महागात पडते, पहिले 48 तास तरी कमी करू नका. स्लेडमध्ये डोस सेशननंतर पडेल असं वेळापत्रक नर्सला लिहून द्यायचं. फॉस्फेट सीआरआरटीत हमखास पडतं, ते रोज बघा, नाहीतर पेशंट व्हेंटिलेटरवरून सुटत नाही.

मुळात आज लावायचं का? इमर्जन्सी नसेल तर थांबा. स्टार्ट-एकेआय (2020) ट्रायलमध्ये लवकर लावून मृत्यू कमी झाले नाहीत, 90 दिवसांनी जिवंत असलेल्यांत डायलिसिसवर राहिलेले मात्र 10.4 टक्के, थांबलेल्यांत 6. पण बीयूएन (रक्तातला यूरिया नायट्रोजन) 140 च्या वर जाईपर्यंत ताणू नका, अकिकी-2 ट्रायलमध्ये त्याचा फायदा दिसला नाही, नुकसान होण्याची शक्यता दिसली.

एकदा लावलेलं शेवटपर्यंत तेच चालवायचं असंही नाही. नॉरअॅड उतरलं, पेशंट जागा झाला, की सीआरआरटीवरून स्लेडवर या, दिवसा फिजिओथेरपी होते, सीटीला नेता येतं. आणि डाययुरेटिकशिवाय यूरिन दिवसाला 400 मिलीच्या वर जायला लागलं की पुढचं सेशन लगेच न लावता एक दिवस थांबून क्रिएटिनिन आपणहून कुठे जातंय ते बघा.