निवासी पोलीस भरती अकॅडमी: पळवतात छान, गोळा शिकवत नाहीत

भरतीची जाहिरात निघायच्या आधी फ्लेक्स निघतात. खाकीतल्या पोरांचे फोटो, वर सरांचा मोठा फोटो, खाली ‘१०० टक्के निकालाची परंपरा’. नीट बघितलं तर एकच पोरगा एका तालुक्यात दोन अकॅडम्यांच्या फ्लेक्सवर असतो, कारण एकीकडे त्यानं ग्राउंड, म्हणजे मैदानी चाचणीचा सराव, केलेलं असतं आणि दुसरीकडे नुसती टेस्ट सिरीज, म्हणजे सराव पेपर, लावलेली असते. २०२५ च्या भरतीत राज्यात १५,६३१ पदं मंजूर झाली. त्याआधीच्या भरतीत १७,४७१ पदांसाठी १७ लाखांच्या वर अर्ज आले होते. एवढी गर्दी असल्यावर अकॅडम्या चालणारच. हा आढावा कुण्या एका अकॅडमीचा नाही. राहणं, खाणं, ग्राउंड आणि लेखी मिळून महिन्याची फी घेणारा जो साचा गावोगाव चालतो, त्याचा आहे.

आधी गुणांचा हिशेब, कारण बाकी सगळं त्यावरून ठरतं. शिपाई पदाला मैदानी ५० आणि लेखी १०० गुण. मैदानीत मुलांना १६०० मीटर २० गुणांना, १०० मीटर १५ ला, गोळा म्हणजे गोळाफेक १५ ला. मैदानीत निम्मे म्हणजे २५ गुण लागतातच, पण २५ वर कुणी लेखीला बसत नाही. एका जागेमागे दहा या प्रमाणात लेखीला बोलावतात, त्यामुळे ग्राउंडचा कटऑफ वेगळा लागतो आणि तो चढाच असतो.

आता तक्ता बघा. १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत मारलं तर पूर्ण २०. ५.१० ते ५.३० ला १८, ५.३० ते ५.५० ला १६. म्हणजे २० सेकंद कमी केले की २ गुण वाढतात. गोळा साडेआठ मीटरला १५, ७.९० च्या पुढे १२, ७.३० च्या पुढे १०. म्हणजे ७.९० वरून साडेआठवर गेलात, ६० सेंटिमीटर वाढवले, की ३ गुण. ज्याचा दमसास आधीच मर्यादेला टेकला आहे त्याला १६०० मधले २० सेकंद काढायला तीन-तीन महिने लागतात. ज्याचं तंत्रच चुकतंय त्याला गोळ्यात अर्धा मीटर त्यापेक्षा खूप लवकर मिळतो. तरी बहुतेक अकॅडम्यांत सकाळचे दोन तास पळण्यात जातात आणि गोळा शेवटी, पोरं दमल्यावर, रांग लावून दोन-दोन फेका.

याचं कारण साधं आहे. पळवायला एक शिट्टी आणि एक सर पुरतो, मागे शंभर पोरं असली तरी. गोळ्याला प्रत्येकाचं कोपर बघावं लागतं. फी मात्र दोन्हीची सारखीच घेतात.

पळण्याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पहाटे साडेचारला उठवणं, गटात पळवणं, आठवड्याला टाइमिंग लिहून ठेवणं, ही शिस्त घरी एकट्याला जमत नाही. अकॅडमीच्या फीतला हा भाग वसूल होतो. अडचण असते मैदानाच्या मापात. ४०० मीटरच्या ट्रॅकवर १६०० म्हणजे चार फेऱ्या आणि ५.१० साठी दर फेरी साडेसत्त्याहत्तर सेकंदांत यायला हवी. गावाकडं ट्रॅक म्हणजे चुना मारलेलं रान. दोरीनं मापलेली ‘चारशेची’ फेरी ३८० भरली की चार फेऱ्यांत ८० मीटर कमी पडतात आणि पोरगं १५ सेकंद खोटं टाइमिंग घेऊन भरतीला जातं. मापायचं तर टेपनं, आतल्या रेषेपासून साधारण वीतभर बाहेरून, जिथून पळणाऱ्याचा पाय पडतो तिथून. उलटही होतं. गर्दीमुळे पोरगं कायम दुसऱ्या लेनमधून पळत असेल तर दर फेरीला साडेसात मीटर जास्त पडतात. चार फेऱ्यांचे ३० मीटर, म्हणजे सहा सेकंद फुकट. हे सांगणारे सर आहेत, पण थोडे.

डांबरी रस्त्यावर रोज पळवणारी अकॅडमी असेल तर नडगीचं दुखणं ठरलेलं. पहिल्या महिन्यात नडगीच्या आतल्या कडेला दाबलं की दुखतं, मग पळायला लागल्यावर दुखतं, मग चालतानाही. ‘पळ, आपोआप जाईल’ असं म्हणणारा प्रशिक्षक टाळावा. ते हाडापर्यंत गेलं तर सहा-आठ आठवडे घरी बसावं लागतं आणि तोवर हॉल तिकीट येतं.

आता गोळा. मुलांचा ७.२६० किलोचा, मुलींचा ४ किलोचा. अकॅडमी बघायला जाल तेव्हा गोळा उचला आणि जवळच्या किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवून बघा. लोखंडी गोळा वर्षानुवर्षं घासून, टवके उडून हलका झालेला असतो, काही ठिकाणी तर सात किलोच्या आतच निघतो. त्यावर मारलेले ८ मीटर भरतीत ८ भरत नाहीत. मग सर्कल बघा. व्यास २.१३५ मीटर, पुढं पाय अडवायला लाकडी ठोकळा. बऱ्याच ठिकाणी नुसती चुन्याची रेघ असते. तिथं शिकलेल्या पोराला पाय कुठं थांबवायचा तेच कळत नाही आणि भरतीत त्याचे फाउल जातात.

शिकवण्यात काय बघायचं? गोळा तळहातावर नाही, बोटांच्या मुळाशी असावा. हनुवटीखाली मानेला टेकलेला असावा. कोपर बाहेर आणि वर. कोपर खाली पडलं की गोळा ढकलला न जाता चेंडूसारखा फेकला जातो. तो फाउलही होतो आणि कोपराच्या आतल्या बाजूला कळही लावतो. जोर पायातून येतो: मागचा पाय वळतो, मग कंबर, मग छाती, हात सगळ्यात शेवटी. पोरं उलटं करतात, आधी हात. आणि ‘४५ अंशात मार’ हे जे सगळीकडे ऐकू येतं ते गोळ्याला लागू नाही. गोळा जमिनीवरून नाही, खांद्याच्या उंचीवरून सुटतो, शिवाय जास्त वर ढकलताना गोळ्याला जोरही कमी मिळतो, म्हणून चांगला कोन ४० च्या खालीच असतो. गोळा खूप उंच जाऊन जवळच पडतोय आणि सर अजून ‘वर मार, वर’ म्हणतायत, असं दिसलं की ओळखा.

१०० मीटरला साडेअकरा सेकंदांच्या आत १५ गुण, साडेबाराच्या आत १२. इथं घोटाळा स्टॉपवॉचचा. हाताच्या घड्याळाला माणसाची प्रतिक्रिया उशिरा लागते, म्हणून हातानं मोजलेली वेळ इलेक्ट्रॉनिक वेळेपेक्षा साधारण पाव सेकंद कमी दिसते. ११.४ वाला पोरगा खरा ११.६ चा असतो. अकॅडमीच्या वहीत १५ गुण, भरतीत इलेक्ट्रॉनिक चिपवर मोजलं तर १२. वहीतल्या आकड्यात पाव सेकंद मिळवूनच हिशेब धरा.

मुलींना ८०० मीटर २ मिनिटं ५० सेकंदांत पूर्ण २० गुण, १०० मीटर १४ सेकंदांत आणि गोळा ६ मीटरला १५-१५. मुलींची बॅच मुलांच्या मागं पळवून ‘मोटिव्हेशन’ देणारे बरेच. ८०० चा वेग १६०० च्या वेगापेक्षा वेगळा, दोन फेऱ्या ८५-८५ सेकंदांच्या. त्याचा सराव वेगळा करून घेतात का ते विचारा. आणि मुलींच्या हॉस्टेलला रात्री राहणारी महिला वॉर्डन आहे का, पहाटे मैदानापर्यंत दिवे आहेत का, हे आई-वडिलांनी स्वतः पहाटे जाऊन बघावं. दुपारी गेलात तर सगळंच चांगलं दिसतं.

लेखीत अंकगणित, सामान्य ज्ञान व चालू घडामोडी, बुद्धिमत्ता आणि मराठी व्याकरण. १०० प्रश्न, ९० मिनिटं, एका प्रश्नाला ५४ सेकंद, चुकीला गुण कापत नाहीत. इथं अकॅडमी सगळ्यात कच्ची. बाजारातल्या गाइडमधून फळ्यावर लिहून द्यायचं आणि पोरांनी वहीत उतरवायचं, याला ‘लेक्चर’ म्हणतात. दुपारी दोनला, जेवणानंतर, पहाटेपासून उठलेली पोरं समास उतरवताना पेंगतात, त्यांचा दोष नाही. विचारायचा प्रश्न एकच: आठवड्याला ओएमआर शीटवर (गोल रंगवायच्या उत्तरपत्रिकेवर), घड्याळ लावून पूर्ण १०० प्रश्नांचा पेपर होतो का आणि दुसऱ्या दिवशी चुकलेलं सोडवून घेतात का? नुसता पेपर घेऊन ‘उत्तरतालिका ग्रुपवर टाकली’ म्हणत असतील तर तोच पेपर घरी बसूनही होतो. गणिताला स्वतंत्र शिक्षक असेल तर ती अकॅडमी चार पावलं पुढे आहे.

मेसबद्दल फार बोलण्यासारखं नाही. भिजवलेले हरभरे, मटकी, अंडी, केळी वेळेवर आणि पोटभर मिळाली की झालं. प्रोटीनचे डबे विकणारी अकॅडमी त्यावर कमिशन घेते असं धरून चाला. इंजेक्शनचा विषय निघाला तर बॅग उचलून घरी या. उंची वाढवून देतो म्हणणाऱ्याकडे तर थांबूच नका. १६५ सेंटिमीटर म्हणजे १६५, मुलींना १५५. सकाळी उंची संध्याकाळपेक्षा सेंटिमीटरभर जास्त भरते, एवढीच काय ती सूट. छाती ७९ आणि फुगवून ५ जास्त, हे मात्र आधी मोजून घ्या. फुगवायची सवय नसल्यानं तिथं अडकणारी पोरं असतात.

फीच्या कागदावर दोन गोष्टी डोळे उघडे ठेवून वाचा. ‘भरती होईपर्यंत एकच फी’ हे पॅकेज ऐकायला स्वस्त वाटतं, पण त्यात बहुतेक वेळा फक्त शिकवणी असते. राहणं-खाणं दर महिन्याला वेगळं, आणि भरती पुढं ढकलली गेली की ते चालूच राहतं. २०२४ ला मैदानी जूनमध्ये, ऐन पावसात झाली, हे लक्षात असू द्या. दुसरं, दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिका जमा करून घेणाऱ्याकडे प्रवेश घेऊ नका. मध्येच सोडायचं झालं तर त्याच कागदांसाठी उरलेली फी मागितली जाते. त्यापेक्षा जी अकॅडमी पहिल्या आठवड्यात डोमिसाइल, जातीचा दाखला, नॉन क्रीमीलेयरची तारीख तपासून घेते ती खरी कामाची. ग्राउंडला ४५ घेऊन दाखल्याच्या तारखेवर बाहेर पडलेल्यांची यादी फ्लेक्सवर कुणी लावत नाही.

एसआरपीएफला (राज्य राखीव पोलीस दलात) जाणाऱ्यांचा हिशेब अगदी वेगळा: ५ किलोमीटर ५० गुणांना आणि उंची १६८. चालकाला १०० मीटर नाही, १६०० ला ३० आणि गोळ्याला २०. सगळ्यांना एकाच रांगेत पळवणारी अकॅडमी या दोघांच्या उपयोगाची नाही, चालकाच्या तर मुळीच नाही, त्याला गोळा आणि गाडी दोन्ही हवी.

पैसे कुणी घालावेत? ज्याचं १६०० साडेसहाच्या वर आहे आणि घरी पहाटे उठणं होत नाही, त्यानं दोन-तीन महिने निवासी राहावं, फायदा होईल. ज्याचं पळणं साडेपाचच्या आत आहे त्यानं गावातच पळावं, जिल्ह्याच्या क्रीडा संकुलात गोळ्याचा प्रशिक्षक शोधावा आणि उरलेले पैसे टेस्ट सिरीजला घालावेत. तरी अकॅडमीच बघायची असेल तर आधी एक दिवस पहाटे जाऊन, न सांगता, मैदानाच्या कडेला उभं राहा आणि गोळ्याच्या रांगेत एका पोराला किती वेळा फेकायला मिळतं ते मोजा. सहाच्या खाली आलं तर फी भरू नका.