बिलात नवी पुली, गाडीत जुनीच

माझी डिझायर डिझेल २०१३ ची आहे, रनिंग १ लाख ८७ हजार. आईला दर दीड-दोन महिन्यांनी डोळ्यांच्या तपासणीसाठी साताऱ्याहून पुण्याला न्यावं लागतं, त्यामुळे या गाडीची देखभाल मी कधी अंगाबाहेर टाकली नाही. ऑइल वेळेवर, कूलंट वेळेवर, टायर गुळगुळीत व्हायच्या आधी नवे. तरीही मी फसलो. आपल्या भागातल्या दुसऱ्या कुणाची अशी फसगत होऊ नये म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

मार्चच्या सुरुवातीला सकाळी गाडी चालू केली की बॉनेटखालून घरघर ऐकू यायला लागली. दोन गल्ल्या पलीकडे पिठाची गिरणी चालू असावी तशी. एसी लावला की आवाज वाढायचा. शहराबाहेर एक गॅरेज आहे, तिथे बरीच गर्दी असते, म्हणून तिथे गेलो. मालकाने लांब स्क्रू-ड्रायव्हर, इंजिनाचा बेल्ट ज्या चाकांवरून फिरतो त्या एकेका पुलीच्या बोल्टवर टेकवला, मूठ कानाला लावली आणि दोन मिनिटांत सांगितलं, "सर, आयडलर आणि टेन्शनर, दोन्हीचं बेअरिंग गेलंय. बेल्टपण बदलून टाकू. एवढ्या रनिंगला वाट बघत बसायचं नाही."

आयडलर म्हणजे बेल्टला वाट देणारी पुली, टेन्शनर म्हणजे तो ताणून धरणारी, आणि बेअरिंग म्हणजे पुली ज्यावर फिरते ती गोळ्यांची कडी. हे निदान अगदी बरोबर होतं. म्हणूनच माझा विश्वास बसला. त्याच दमात तो म्हणाला, "टायमिंग बेल्टचा किटपण बसवून घ्या, नऊ हजारात करून देतो." त्या महिन्यात पैसे नव्हते म्हणून मी नको म्हटलं. टायमिंग बेल्ट हा वेगळा, इंजिनाच्या आतल्या भागांचा मेळ राखणारा. या १.३ लिटर डिझेल इंजिनला तो नसतोच, चेन असते, हे मला नंतर कळलं. गाडीचं मॅन्युअल डॅशबोर्डच्या कप्प्यात पडून होतं, तेव्हाच उघडून बघितलं असतं तर हा माणूस कसा आहे ते तिथेच समजलं असतं.

संध्याकाळी गाडी मिळाली. बेल्ट १,२५०, टेन्शनर ३,४००, आयडलर १,१५०, मजुरी १,२००, एकूण ७,००० रुपये. बिलाच्या डोक्यावर छापील अक्षरात 'एस्टिमेट' लिहिलेलं, जीएसटी नंबर नाही. बॉनेट उघडून त्याने टॉर्च मारून दाखवलं. काळाकुळकुळीत नवा बेल्ट, चकचकीत चंदेरी पुली. आवाज बंद. जुने पार्ट मागितले तर म्हणाला, "पोरांनी भंगारात टाकले हो सर, ऑइलने बरबटलेलं ते, काय करणार नेऊन?" मीही म्हटलं, जाऊ दे.

आठ-दहा दिवसांत घरघर बारीक आवाजात परत सुरू झाली. फोन केला तर उत्तर आलं, "नवीन पार्ट आहे, बसायला वेळ लागतो." ही निव्वळ थाप होती. या पुल्यांमधलं बेअरिंग सीलबंद असतं, ग्रीस कारखान्यातच भरलेलं असतं. नवं बेअरिंग पहिल्या मिनिटापासून मुकाट फिरलं पाहिजे.

एप्रिलमध्ये, कामाला तेवीस दिवस झाले होते तेव्हा, आईची तपासणी करून पुण्याहून परतत होतो. दुपारचे अडीच. खंबाटकी घाट चढताना निम्म्यात घरघरीची किंकाळी झाली, मग फाडकन आवाज आला आणि बॅटरीचा लाल दिवा लागला. एसीतून गरम हवा. या गाडीत बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर, एसीचा कॉम्प्रेसर आणि पाण्याचा पंप एकाच बेल्टवर चालतात. एक पुली जाम झाली की बेल्ट निसटतो आणि तिन्ही एकदम बंद पडतात. पंप थांबल्यावर इंजिन तापायला वेळ लागत नाही, घाटात तर नाहीच. मी लगेच कडेला घेऊन इंजिन बंद केलं. 'एवढा घाट संपवू' म्हणून रेटली असती तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या डोक्याखालचं सील, गेलं असतं आणि खर्च कुठच्या कुठे गेला असता. बाजूने ट्रक घासून जात होते. आईला कठड्याच्या आत सावलीला बसवलं. डोळ्यात औषध घातलेलं, तिला उजेड सहन होत नव्हता, पदर डोळ्यांवर ओढून ती तासभर बसून राहिली. तो तास माझ्या डोक्यातून जात नाही.

हायवेच्या १०३३ नंबरवर फोन केला. क्रेनने गाडी घाट उतरवून सुरूर फाट्याजवळच्या एका छोट्या गॅरेजात सोडली. तिथला मेकॅनिक पंचविशीतला पोरगा. त्याने चाक काढलं, आतलं कव्हर सोडलं, टॉर्च आत धरला आणि पाना न लावताच मला हाक मारली. "सर, आधी मोबाईल काढा, व्हिडिओ घ्या. मग मी खोलतो."

आयडलरची पुली चंदेरी होती, पण तोच चंदेरी रंग बोल्टच्या डोक्यावर होता, आणि मागच्या ब्रॅकेटवरही उडालेला. म्हणजे पुली जागेवरच ठेवून डब्याचा स्प्रे मारला होता. बेल्ट जिथे घासतो तिथला रंग उडून खालचा तपकिरी गंज दिसत होता. "ह्यो बोल्ट कुणी खोललेलाच न्हाई, सर," तो म्हणाला. बोल्ट सोडताना खाचेत बसलेली पावसाळ्यातली माती खपलीसारखी पडली. बेअरिंगचं रबरी सील फाटलेलं, आत ग्रीसऐवजी तांबूस भुकटी, दोन गोळ्या फुटलेल्या. टेन्शनरचीही तीच गत, फक्त तो अजून जाम झाला नव्हता. खरा बदलला होता तो फक्त बेल्ट. आणि आवाज दाबायला बेअरिंगवर पातळ तेलाचा स्प्रे मारला असणार, असं तो म्हणाला. अशा स्प्रेने आवाज काही दिवस दबतो, पण उरलंसुरलं ग्रीसही धुऊन जातं. म्हणजे पैसे घेऊन त्याने माझं बेअरिंग आणखी लवकर मारलं.

त्या पोराने मला जी तपासणी शिकवली ती प्रत्येक गाडीवाल्याला यायला हवी. इंजिन थंड असताना बेल्ट उतरवायचा आणि एकेक पुली बोटाने फिरवायची. चांगली पुली गपगार फिरते, ग्रीसमुळे किंचित जड लागते आणि लवकर थांबते. खराब पुली खरखरते, किंवा भोवऱ्यासारखी मोकळी गरगरते. मोकळी फिरते म्हणजे छान, असं मला वाटलं होतं. खरं तर आतलं ग्रीस संपल्याची ती खूण. मग पुली दोन बाजूंनी धरून हलवायची, जराही डुगडुगली तर बदलायची. शिट्टीसारखा आवाज येत असेल तर चालू इंजिनवर, हात आणि कपडे लांब ठेवून, बेल्टच्या दातऱ्या बाजूला थोडं पाणी उडवायचं. आवाज क्षणभर बदलला तर गडबड बेल्टची किंवा ताणाची, काहीच फरक पडला नाही तर संशय बेअरिंगवर.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गॅरेजात गेलो. मालक म्हणाला, "आमची नवी पुली त्या सुरूरवाल्याने काढून घेतली असेल." बोल्ट सुटण्याआधीपासूनचा सलग व्हिडिओ दाखवल्यावर सूर बदलला. "आमच्या पोराची चूक झाली, दोन हजार घ्या आणि मिटवा." मी घेतले नाहीत. माझ्यादेखत रॅम्पवर आणखी दोन गाड्या होत्या, त्यांच्या मालकांनाही तो पुलीच दाखवत होता.

आता माझी पद्धत ठरली आहे. काम द्यायच्या आधीच सांगतो की जुने पार्ट आणि नव्या पार्टची रिकामी खोकी मला हवीत, ती हातात आल्यावरच पैसे. जुन्या पुलीवर घरीच खिळ्याने एक ओरखडा काढून त्याचा फोटो ठेवतो. आणि पक्कं बिल घेतोच. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा धरलेली आहे. तक्रार १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवता येते. तिथे भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात, घटनेपासून दोन वर्षांच्या आत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही.

मी दोन्हीकडे गेलो आहे. 'एस्टिमेट'चा कागद, यूपीआयच्या पेमेंटचा स्क्रीनशॉट, व्हिडिओ आणि सुरूरच्या गॅरेजचं पक्कं बिल, सगळं जोडलंय. ती चंदेरी पुली पिशवीत घालून कपाटात ठेवली आहे. जूनमध्ये आईला पुन्हा पुण्याला न्यायचंय. त्याच्या आदल्या रविवारी गाडी सुरूरला नेऊन बेल्ट उतरवून बघायचं ठरलंय.