अर्जुनसाल: नऊ महिन्यांनंतर

रक्तदाबाची गोळी दोन वर्षं चालू होती, तेव्हा डॉक्टरांना विचारूनच अर्जुनसाल, म्हणजे आयुर्वेदात हृदयासाठी देतात ती अर्जुन वृक्षाची साल, सुरू केली. गोळी एक दिवसही सोडलेली नाही, हे आधीच सांगते.

घेते क्षीरपाक करून. सालीची 5 ग्रॅम भरड, 40 मिली दूध, 160 मिली पाणी. मंद आचेवर पाणी आटून दूध उरेपर्यंत. दुधाला फिकट विटकरी रंग येतो आणि पहिल्याच घोटाला जीभ आवळून येते, इतकं तुरट. साल टॅनिनने, म्हणजे तुरटपणा देणाऱ्या द्रव्याने, भरलेली असते. पहिल्या महिन्यात पोट साफ होईना, बहुधा त्यामुळेच. एक दिवसाआड घ्यायला लागल्यावर तो त्रास गेला.

रक्तदाब रोज सकाळी मोजते. पाच मिनिटं शांत बसून, दंड हृदयाच्या पातळीला ठेवून, मिनिटाच्या अंतराने दोनदा. पाच महिन्यांत वरचा आकडा 136 वरून 131 च्या आसपास आला. पण याच काळात मी रोज अर्धा तास चालायलाही लागले होते, त्यामुळे श्रेय सालीला द्यायला मन धजत नाही. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, मात्र जिथल्या तिथे, 128 चं 125.

सहाव्या महिन्यात उकळायचा कंटाळा आला आणि 'हृदयासाठी' असं छापलेलं तयार मिश्र चूर्ण आणलं. चवीला चक्क गोड, म्हणून नेमाने दोन वेळा घेतलं. तीन आठवड्यांत वरचा आकडा 148! घोटे सुजले, मोज्याचा वळ रात्रीपर्यंत जाईना. डॉक्टरांनी डबी मागवून घेतली आणि मागची बारीक अक्षरं मला मोठ्याने वाचायला लावली. अर्जुनानंतर दुसरंच नाव ज्येष्ठमध. त्यातलं ग्लिसरायझिन शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतं, पोटॅशियम बाहेर घालवतं आणि दाब चढवतं. माझं पोटॅशियम 3.3 निघालं. कमी पोटॅशियमने हृदयाचे ठोकेही बिघडू शकतात, हे ऐकून हातपाय गळाले. चूर्ण थांबवल्यावर सगळं पूर्ववत व्हायला महिना गेला.

'झाडपाला आहे, अपाय कसला' असं म्हणणाऱ्यांना मी आता डिजिटॅलिसची गोष्ट सांगते. विल्यम विदरिंग या इंग्लिश डॉक्टरने 1785 मध्ये ज्या झाडाच्या पानांचे हृदयरुग्णांवरचे अनुभव लिहून ठेवले, तीच ही वनस्पती. मात्रा जरा चुकली की तिचं विष होतं. वॉर्फरिनसारखं रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, तर लसणाच्या किंवा गिंको नावाच्या झाडाच्या अर्काच्या कॅप्सूलही डॉक्टरांना सांगितल्याशिवाय घेऊ नका, रक्तस्रावाचा धोका वाढतो.

सध्या घटकांत एकच नाव असलेली अर्जुनसाल पुन्हा घेते आहे, एक दिवसाआड. पुढच्या महिन्यात तपासणी आहे, तेव्हा रक्तदाबाची वही आणि डबी दोन्ही बरोबर नेणार आहे.