निकॉनच्या जोडीला ओएम-१ : गोव्यात दोन कॅमेरा सिस्टीम वापरताना

दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या कॅमेरा सिस्टीम एकाच फोटोग्राफरने बाळगाव्यात का, या प्रश्नाकडे बहुधा हौसेचा किंवा ऐपतीचा प्रश्न म्हणून पाहिले जाते. माझ्या मते तो कामाचा प्रश्न आहे आणि गोव्यासारख्या दमट प्रदेशात तो देखभालीचाही आहे. देवळांतील उत्सव, जत्रा, रात्रीचे काले आणि दशावतारी नाटके यांसाठी मी निकॉन झेड ६ टू हा फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा (प्रकाश टिपणाऱ्या चिपचा), कॅमेरा वापरतो. त्याच्या जोडीला ओएम सिस्टीमचा ओएम-१ घेतला तो पक्ष्यांसाठी आणि पावसासाठी. हे परीक्षण या दुसऱ्या कॅमेऱ्याचे आहे, परंतु पहिल्याच्या शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय त्याची पारख होणार नाही.

ओएम-१ हा २०२२ साली आलेला, मायक्रो फोर थर्ड्स या लहान सेन्सरच्या पद्धतीचा २० मेगापिक्सेलचा कॅमेरा आहे. ही पद्धत ऑलिंपस आणि पॅनासॉनिक यांनी २००८ मध्ये मिळून जाहीर केली, त्यामुळे दोन्ही कंपन्यांच्या लेन्स एकमेकींच्या कॅमेऱ्यांना बसतात. ऑलिंपसचा कॅमेरा विभाग २०२१ च्या आरंभी वेगळ्या कंपनीकडे गेला आणि त्यानंतर ओएम सिस्टीम हे नाव आले. जुन्या ऑलिंपस लेन्स वापरलेल्या स्थितीत घेणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे, की मायक्रो फोर थर्ड्सच्या लेन्स या कॅमेऱ्यावर थेट चालतात, पण त्याआधीच्या फोर थर्ड्स डीएसएलआरच्या लेन्सना ॲडॉप्टर लागतो.

दुसरी सिस्टीम घेण्याचे खरे कारण मला मोलेच्या आणि खोतीगावच्या रानात सापडते. मायक्रो फोर थर्ड्सचा सेन्सर १७.३ बाय १३ मिलिमीटरचा, तर फुल फ्रेमचा ३६ बाय २४ मिलिमीटरचा असतो. त्यामुळे ३०० मिलिमीटर एफ ४ प्रो ही लेन्स ओएम-१ वर लावली, की फुल फ्रेमवरील ६०० मिलिमीटर लेन्सइतका दूरचा पक्षी जवळ येतो. ट्रायपॉडच्या पायासह ही लेन्स १४७५ ग्रॅमची आहे आणि बॅटरी-कार्डासह कॅमेरा ५९९ ग्रॅमचा. म्हणजे सगळा भार दोन किलोच्या थोडा वर जातो. निकॉनवर एवढीच पोहोच हवी असेल तर १८० ते ६०० मिलिमीटरची झूम लेन्स लावावी लागते आणि तिच्यासह झेड ६ टू पावणेतीन किलोच्या पुढे जातो. गाडीतून उतरून दहा पावलांवर फोटो काढणाऱ्याला हा फरक जाणवणार नाही. पण कर्णा पक्षी (मलबार ट्रोगॉन) फांदीवर निश्चल बसला आहे, आपण पायवाटेवर उभे आहोत आणि कॅमेरा डोळ्याला लावूनच वाट पाहायची आहे, अशा वेळी फोटो मिळणार की नाही, हे पाऊण किलोचा फरकही ठरवू शकतो.

वजनापेक्षाही महत्त्वाची गोष्ट फोकसची आहे. झेड ६ टू माणसाचा, कुत्र्याचा आणि मांजराचा डोळा ओळखतो, पक्ष्याचा नाही. ओएम-१ पक्षी ओळखतो आणि पानांच्या जाळीतूनही बहुतेक वेळा डोळ्यावरच ठरतो. चोडणच्या सलीम अली पक्षी अभयारण्यात खारफुटीच्या फांद्यांमागे बसलेला खंड्या टिपताना हा गुण पुन्हा पुन्हा उपयोगी पडतो. त्याला जोड मिळते ती प्रो कॅप्चरची. शटरचे बटण अर्धे दाबून ठेवले, की कॅमेरा फ्रेम तात्पुरत्या साठवत राहतो आणि बटण पूर्ण दाबताच त्याआधीच्या क्षणांच्या फ्रेमही कार्डावर उतरवतो. खंड्याने पाण्यात सूर मारला, हे कळून बोट दाबेपर्यंत गेलेला क्षण त्यामुळे हाती लागतो. फोकस चालू ठेवून सेकंदाला ५० फ्रेमचा वेग मात्र ठरावीक प्रो लेन्सवरच मिळतो, हे लेन्स घेण्यापूर्वी पाहून घ्यावे.

पावसाळ्यात या कॅमेऱ्याचे मोल आणखी वाढते. त्याला आयपी ५३ दर्जाचे (धूळ-पाण्यापासून बचावाच्या मानकाचे) संरक्षण आहे आणि १२ ते ४० मिलिमीटर एफ २.८ प्रो टू या लेन्सलाही तोच दर्जा आहे. त्याचा अर्थ उडणारे तुषार आणि रिमझिम यांपासून बचाव असा होतो, ओहोळात बुडवण्याची मुभा असा नव्हे. सत्तरीतील चरावणे, हिवरे यांसारख्या धबधब्यांवर मी ही जोडी घेऊन निश्चिंतपणे जातो. तिथे लाइव्ह एनडी ही सोय कामाला येते. अनेक फ्रेम एकत्र करून कॅमेरा सहा स्टॉपपर्यंतच्या (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा) एनडी फिल्टरचा, म्हणजे प्रकाश कमी करणाऱ्या गडद काचेचा, परिणाम साधतो आणि सेन्सरचे स्थिरीकरण इतके चांगले आहे, की शेवाळलेल्या खडकावर ट्रायपॉड न रोवताही पाण्याची रेशमी धार मिळते. वाऱ्याने हलणाऱ्या पानांवर मात्र या जोडणीच्या खुणा कधी कधी दिसतात.

आता याच कॅमेऱ्याची मर्यादा. फुल फ्रेमच्या तुलनेत त्याच्या सेन्सरचे क्षेत्रफळ जवळपास एक चतुर्थांश आहे, म्हणजे एकाच ॲपर्चरला (लेन्सच्या छिद्राच्या एफ आकड्याला) आणि एकाच शटर वेगाला तो सुमारे दोन स्टॉप कमी प्रकाश गोळा करतो. वर ज्या हलक्या लेन्सचे कौतुक केले, तिचा एफ ४ फुल फ्रेमवरच्या एफ ८ इतकीच पार्श्वभूमी धूसर करतो. हलकेपणा फुकट मिळत नाही, तो प्रकाशाच्या बदल्यात मिळतो. शिरगावच्या लईराईच्या जत्रेत पहाटेपूर्वी धोंड (देवीचे व्रतस्थ भक्त) होमखणातल्या, म्हणजे होमकुंडातल्या, निखाऱ्यांवरून जातात, तेव्हा चेहऱ्यावर फक्त खालून येणारा तांबूस उजेड असतो आणि पाय क्षणभरही थांबत नाहीत. दिवजोत्सवात सुवासिनींच्या हातांतील दिव्यांचा उजेड असाच मंद असतो. अशा जागी निकॉन आणि ५० मिलिमीटर एफ १.८ एस ही लेन्स यांना माझ्या पिशवीत पर्याय नाही. नॉइज (कमी उजेडात फोटोत दिसणारे दाणे) काढणाऱ्या सॉफ्टवेअरमुळे अंतर कमी झाले आहे हे खरे, पण सावलीतला कातडीचा रंग ज्या सहजतेने मोठ्या सेन्सरवर टिकतो, ती सहजता मला सॉफ्टवेअरमधून मिळालेली नाही.

दोन्ही कॅमेरे एकाच दिवशी गळ्यात असले की हाताच्या सवयींची कसोटी लागते. निकॉनची लेन्स ज्या दिशेने फिरवून बसवायची, त्याच्या उलट दिशेने ओएमची बसते. निकॉन चालू करण्याचा खटका उजवीकडे शटरच्या बटणाभोवती आहे, ओएम-१ चा डाव्या खांद्यावर. या गोष्टी बदलता येत नाहीत. पण डायलच्या दिशा आणि फोकसचे बटण दोन्हींवर सारखे करून घेता येते, आणि ते पहिल्याच दिवशी करावे. दोन्हींतील घड्याळे सेकंदाला सेकंद जुळवली तर संगणकावर फोटो घटनाक्रमाने लागतात. फोटोंचा आकारही वेगळा असतो: एकाचा ३:२, दुसऱ्याचा ४:३. एकाच अल्बममध्ये किंवा प्रदर्शनात दोन्ही मांडायचे असतील तर कोणता आकार ठेवायचा, हे फोटो काढतानाच ठरवावे, म्हणजे कडेला कापण्यापुरती जागा सोडता येते. फिल्टर मात्र दोनदा घेण्याची गरज नाही. निकॉनच्या २४ ते ७० एफ ४ लेन्सचे ७२ मिलिमीटरचे फिल्टर ओएमच्या ६२ मिलिमीटरच्या लेन्सवर साध्या स्टेप-अप रिंगने बसतात. एसडी कार्डेही दोन्हीकडे चालतात.

राहिली बुरशी. गोव्यात दोन सिस्टीम घेऊ पाहणाऱ्याने किमतीआधी हिचा विचार करावा, असे मी आग्रहाने सांगतो. जून ते सप्टेंबर या काळात बंद पिशवीत पडून राहिलेली लेन्स बुरशीला आयतेच घर देते आणि ती बुरशी काचेवरच्या लेपाला कायमची इजा करू शकते. सतत वापरात, उजेडात आणि वाऱ्यावर असलेल्या लेन्सला हा धोका कमी, म्हणून दोन सिस्टीममधली जी कमी वापरली जाते तीच आधी खराब होते. ड्राय कॅबिनेटमधील आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांदरम्यान ठेवावी. कॅबिनेट घेताना आज असलेल्या नव्हे, पुढे येणाऱ्या लेन्सचाही हिशोब धरावा. सिलिका जेल वापरत असाल तर ते ओलसर झाले की गरम करून पुन्हा कोरडे करावे लागते आणि पावसाळ्यात ही वेळ लवकर येते. वातानुकूलित गाडीतून थेट बाहेरच्या दमट हवेत कॅमेरा काढला तर काचेवर वाफ धरते, म्हणून तो काही वेळ बंद पिशवीतच बाहेरच्या तापमानाला येऊ द्यावा. एवढे नियमाने करण्याची तयारी नसेल, तर दुसऱ्या सिस्टीमचे पैसे पहिल्याच सिस्टीमच्या एका चांगल्या लेन्सवर खर्च करणे मला अधिक योग्य वाटते.

२०२४ मध्ये ओएम-१ मार्क टू आला. त्यात ग्रॅज्युएटेड लाइव्ह एनडीची (फ्रेमच्या एकाच भागातला उजेड कमी करणाऱ्या सोयीची) भर पडली आहे आणि स्थिरीकरणही सुधारले आहे. समुद्रावरचा सूर्यास्त आणि धबधबे हेच ज्यांचे मुख्य काम आहे, त्यांनी नवा कॅमेरा पाहावा. पक्ष्यांसाठी घेणाऱ्याने चांगल्या स्थितीतला जुना ओएम-१ घेऊन वाचलेली रक्कम ३०० मिलिमीटरच्या लेन्सकडे वळवावी, आणि वापरलेली लेन्स घेताना ती टॉर्चच्या उजेडात आरपार पाहून मगच व्यवहार करावा.