गिरणगावची फेरी : संप सांगितला, साचेखातं राहिलं

गिरणगाव, म्हणजे मुंबईचा कापडगिरण्यांचा भाग, चालत दाखवणारी ही फेरी. सकाळी सातला लालबागच्या भारतमाता टॉकीजच्या नाक्यावर जमायचं, माणशी सहाशे रुपये. लालबागात जन्म गेला आणि लालबाग बघायला पैसे भरतोय म्हणून आई हसत होती. तरी गेलो.

माहिती सांगणारा मुलगा पंचविशीचा असेल, पण तयारीचा. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला गिरणी संप, त्याचे पुढारी डॉ. दत्ता सामंत, घरी बसलेले अडीच लाख कामगार, सगळं त्याने छान उलगडलं. खानावळींबद्दल तर फारच मनापासून बोलला. एकेका बाईने आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत वीस-वीस गडी जेवू घालायचे, पैसे पगाराला, तोवर वाणसामान सावकाराच्या व्याजावर. याच बायांना धरून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं.

माझं बिनसलं ते परळच्या बी.आय.टी. चाळीपाशी. ‘इथे बाबासाहेब राहत होते’ म्हणाला, फोटोला दोन मिनिटं दिली आणि निघालो पुढे. अहो, थांबायचं तर इथेच होतं! माझे आजोबा त्रासनात होते, म्हणजे सूतकताईत. साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात, पगार जास्त, पण तिथे आमच्या माणसाला घेत नसत. धोट्यात, म्हणजे मागावर आडवा धागा नेणाऱ्या लाकडी नळ्यात, सुताची नवी कांडी घातली की सुताचं टोक भोकातून तोंडाने ओढून घ्यावं लागे. महाराने तोंड लावलेला धोटा आम्ही कसा ओढायचा, ही बाकीच्यांची तक्रार. लाल बावटा खांद्यावर घेणारे हेच. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी कामगार पुढाऱ्यांना नेमकं यावरच धरलं होतं.

मी त्या माहिती सांगणाऱ्या मुलाला बाजूला घेऊन विचारलं, हे का नाही सांगितलं. म्हणाला, ‘‘माहितीये काका, पण रविवारी सकाळी लोकांना जड होतं.’’ संपात घरंच्या घरं बसली ते जड होत नाही वाटतं?

पाचपैकी तीन तारे. त्यातले दोन खानावळीचे. चाळीत मोठ्याने बोलू नका, फोटो विचारून काढा असं त्याने आधीच सगळ्यांना बजावलं होतं, तेही आवडलं.

गुडघे दुखत असतील तर विचार करून जा. तीन तासांत टेकायला जागा मिळते ती थेट फिनिक्स मिलच्या मॉलमध्ये, आणि तिथली कॉफी सहाशेत धरलेली नाही.